‘बहुतेक’ हा शब्द पंपवाल्यापर्यंत जाऊ द्या : विदर्भातल्या कृषी केंद्रचालकांना खुलं पत्र

कृषी सेवा केंद्रं चालवणाऱ्या माझ्या दादांनो, काकांनो आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मोजक्या ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. कृषीची पदवी झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका कृषी केंद्रात मी दोन खरीप हंगाम काउंटर सांभाळला. मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी होणारी झुंबड, युरियाच्या गाडीची वाट पाहत पायरीवर बसून राहिलेली माणसं, ‘कापूस निघाला का देतो’ म्हणून वहीत मांडलेली उधारी, हे सगळं मी आतून पाहिलं आहे. आता मी घरची साडेचार एकर पराटी (कपाशी) आणि तूर पाहते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभं राहून झालं आहे. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाने बोट दाखवायला लिहिलं आहे, असं समजू नका. विषय आहे ग्लायफोसेट या तणनाशकाचा, आणि ते विकताना आपण काय सांगतो त्याचा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. सकाळपासून झड लागलेली. एक काका आले. त्यांना स्वतःचं वावर नाही, पंपामागे पैसे घेऊन ते दुसऱ्यांच्या वावरात फवारतात. मालकाने चिठ्ठी दिली होती, तिच्यावर ‘राउंडअप २ लिटर’ लिहिलेलं. आमच्याकडे त्या दिवशी दुसऱ्याच कंपनीचा माल होता, पण गावात कुठल्याही ग्लायफोसेटला राउंडअपच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. काकांनी बाटल्या पिशवीत टाकल्या, खिशातून सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची पन्नी काढली आणि ती तळहातावर घासता घासता विचारलं, “बाई, ह्यानं माणसाले काही होत तं नाही नं?”

मी म्हटलं, “नाही हो काका. हे मिठापेक्षा सौम्य आहे. गवताचं औषध आहे, माणसाला काय करणार?”

हे वाक्य माझं नव्हतं. हंगामाआधीच्या बैठकीत ते आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते पाठ म्हणून दाखवलं. काकांनी मान हलवली, पन्नी उघडून खर्‍याची चिमूट तोंडात टाकली आणि पावसात निघून गेले. पन्नी उघडताना दिसलेला त्यांचा उजवा अंगठा मला अजून आठवतो. नख पिवळं पडून कडेला उललेलं, आणि त्या भेगेत हिरवट काहीतरी बसलेलं.

पुढच्या वर्षी त्यांची नात दुकानात आली. बारावीला होती, सायन्सला. मोबाईलवर काहीतरी वाचून आली होती. तिने आवाज चढवला नाही, भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, “ताई, हे कॅन्सरच्या यादीत आहे हे तुम्हाले माहीत होतं का?”

मला माहीत होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी ते वाचलं होतं.

काका आजही फवारतात. त्यांना काहीही झालेलं नाही, आणि होऊ नये. हे पत्र मी कुणाच्या मरणावरून लिहीत नाही. एका माणसाने सरळ प्रश्न विचारला, मला त्याचं उत्तर ठाऊक होतं आणि मी त्याला दुसरंच सांगितलं, यावरून लिहिते आहे. तुमच्यापैकी किती जणांनी असंच सांगितलं असेल ते तुमचं तुम्हाला माहीत.

आधी जे ठरलेलं आहे ते सांगते. फ्रान्समध्ये लिऑन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आयएआरसी. मार्च २०१५ मध्ये तिथे ११ देशांतले १७ तज्ज्ञ बसले आणि त्यांनी ग्लायफोसेटला २-ए या गटात टाकलं. २-ए म्हणजे माणसात बहुधा कर्करोग घडवणारे पदार्थ. त्याच बैठकीत मॅलॅथिऑन आणि डायझिनॉनसुद्धा याच गटात गेले. मॅलॅथिऑन तुमच्या रॅकवरही असतं आणि डेंग्यूच्या दिवसांत गल्लीबोळांतून सोडतात त्या धुरातही असतं.

ग्लायफोसेटचा हा निर्णय तीन गोष्टींवर उभा होता. जनावरांवरच्या प्रयोगांत पुरेसा पुरावा मिळाला. पेशींमधल्या डीएनएला इजा होते आणि पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, याचा भक्कम पुरावा मिळाला. माणसांबाबतचा पुरावा मात्र मर्यादित होता. अमेरिका, कॅनडा आणि स्वीडनमधल्या शेतीत काम करणाऱ्यांच्या अभ्यासांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, जास्त दिसला होता. ‘मर्यादित’ हा शब्द त्यांचाच आहे आणि तो मी लपवणार नाही. माणसातला पुरावा पक्का असता तर ग्लायफोसेट पहिल्या गटात गेलं असतं. तंबाखू आणि सुपारी त्या गटात आहेत.

या यादीचं एक नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच आपल्या धंद्यातली हुशार माणसं खेळ करतात. साक्ष किती पक्की आहे, हे ही यादी सांगते. गुन्हा केवढा मोठा, हे ती सांगत नाही. दोन पदार्थ एका गटात आहेत म्हणून दोघांचा धोका सारखा असतो असं नाही. किती प्रमाणात, किती दिवस आणि कुठल्या वाटेने शरीरात गेलं, यावर धोका ठरतो. २-ए मध्येच चुलीतल्या लाकडाचा धूर आहे, कढईतल्या कडक तेलाच्या वाफा आहेत, झोपेचं चक्र मोडणारी रात्रपाळी आहे, लाल मांस आहे आणि ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयंही आहेत.

म्हणून एका बैठकीत मी या यादीचं नाव काढलं तेव्हा समोरून लगेच आलं, “मॅडम, गरम चहाबी त्याच यादीत आहे. मग काय चहा सोडता का?” सगळे हसले. मीही गप्प बसले. घरी आल्यावर उत्तर सापडलं. आम्ही चहा सोडत नाही, पण तो बशीत ओततो. माझी आजी आयुष्यभर बशीत ओतून, फुंकर मारून चहा प्यायली. तोंड पोळतं हे तिला माहीत होतं आणि बशी तिच्या हाताशी होती. ग्लायफोसेटच्या बाबतीत आपण काकांना ते पोळतं हेही सांगितलं नाही आणि बशीही दिली नाही.

आता २-ए गटाच्या त्या शब्दाबद्दल. छापील मराठीत ‘बहुधा’ लिहितात, काही जण ‘कदाचित’ लिहितात. ‘कदाचित’ चूक आहे, तो खालच्या २-बी गटाला शोभतो. ‘बहुधा’ बरोबर आहे, पण आमच्या गावात तो कुणी बोलत नाही. आम्ही ‘बहुतेक’ म्हणतो. हा शब्द कुठे ठेवला यावरही अर्थ फिरतो. मी आईला पहिल्यांदा वाचून दाखवलं, “यामुळे बहुतेक कर्करोग होतो,” तर तिला वाटलं की जेवढे म्हणून कर्करोग आहेत त्यातले जास्तीत जास्त यानेच होतात. मग मी सरळ करून सांगितलं, “हे औषध बहुतेक कॅन्सर करणाऱ्यांपैकी आहे, असं मोठ्या तज्ज्ञांनी सांगितलंय.” ती लगेच म्हणाली, “मंग हातमोजे आण.”

तिला कुणी टक्केवारी सांगावी लागली नाही. शेतातल्या माणसाला ‘बहुतेक’ या शब्दाचं वजन बरोबर कळतं. ‘आज बहुतेक पाणी येईल’ असं कुणी म्हटलं की आम्ही अंगणातला कापूस झाकतो, कुटार आत टाकतो, बैल गोठ्यात बांधतो. पाणी आलं नाही तर ताडपत्री पुन्हा काढायची, एवढंच. ‘बहुतेक आहे, पक्कं कुठे आहे’ म्हणून कापूस उघडा ठेवणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. मग हाच शब्द काउंटरवर आला की आपण त्याचा अर्थ ‘काही होत नाही’ असा का करतो?

दुसरी बाजूही इमानदारीने मांडते, कारण तुम्हाला ती बैठकांत सांगितली जाते आणि ती खोटी नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते की ग्लायफोसेटमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेलाही मंजुरी अडवण्याइतकी गंभीर अडचण दिसली नाही, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात युरोपीय महासंघाने त्याला आणखी १० वर्षं मुदतवाढ दिली. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांतल्या ५४ हजारांहून जास्त परवानाधारक फवारणीवाल्यांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांचा संबंध दिसला नाही. याच्या उलट २०१९ मध्ये आधीच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तिच्यात सर्वाधिक संपर्क आलेल्यांमध्ये या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. अमेरिकेतल्या ज्युरींनी २०१८ पासून काही खटल्यांत राउंडअप बनवणाऱ्या कंपनीच्या विरोधात निकाल दिले, आणि २०२० मध्ये कंपनीने हजारो दावे मिटवण्यासाठी १० अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम द्यायची तयारी दाखवली. चूक मात्र तिने कबूल केली नाही. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेचा कर्करोगाबाबतचा निष्कर्षही पुन्हा तपासायला परत पाठवला.

म्हणजे भांडण मिटलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की हे भांडण चालू आहे, ही बातमी ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला मिळाली पाहिजे. आयोवातल्या माणसाच्या हाती परवाना आहे, बाटलीवरचा मजकूर त्याला वाचता येतो आणि त्याने वकील केला तर तो कोर्टातही जाऊ शकतो. आमच्या काकांकडे यातलं काही नाही. त्यांनी फक्त मला विचारलं होतं.

मिठाची गोष्ट तर आता मला झोंबते. ‘मिठापेक्षा कमी विषारी’ ही जाहिरात मुळात अमेरिकेत चालायची. तिच्याबद्दल न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने कंपनीला धारेवर धरलं आणि १९९६ मध्ये कंपनीने तसे दावे त्या राज्यात थांबवायचं कबूल केलं. जे वाक्य तिकडे १९९६ मध्ये मागे घ्यावं लागलं, ते माझ्या तोंडी कितीतरी वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यात आलं.

हे वाक्य इतकं खरं का वाटतं, तेही सांगते. एकदम पोटात गेल्यावर किती मात्रेला जीव जातो, हे मोजलं तर ग्लायफोसेट खरोखरच सौम्य निघतं. आपल्या बाटल्यांवरचा, औषध किती जहाल ते दाखवणारा रंगीत त्रिकोणही तेवढंच मोजतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, सगळा हिशोब तात्काळ विषबाधेचा. वीस पावसाळे थोडं थोडं अंगावर पडल्यावर काय होईल, हे सांगणारा कुठलाही रंग त्या त्रिकोणात नाही. पण गिऱ्हाईक तर सोडाच, आपणही त्रिकोण पाहूनच ‘सेफ आहे’ म्हणतो. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर सगळ्यांना लाल त्रिकोणाची भीती बसली, आणि ती बसायलाच हवी होती. पण तिची एक उलटी बाजू झाली. ज्यावर लाल त्रिकोण नाही ते निर्धास्त, असं माणसं मानू लागली. त्या वर्षी ज्यांनी माणसं मारली ती औषधं वेगळी होती, ग्लायफोसेट त्यात नव्हतं. म्हणूनच त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

कंपनीची माणसं आणखी एक मुद्दा सांगतात. वनस्पतींमध्ये काही अमिनो आम्लं तयार होण्याचा शिकिमेट नावाचा मार्ग असतो, ग्लायफोसेट तो बंद करतं, आणि माणसाच्या शरीरात तो मार्गच नाही. हे शास्त्र बरोबर आहे. पण तण कसं मरतं एवढंच ते सांगतं. कुलूप नसलेल्या घरात चोर शिरत नाही असं कुणी म्हणेल का? शिवाय बाटलीत एकटं ग्लायफोसेट नसतं. ते पानाला चिकटावं म्हणून साबणासारखे पदार्थ घातलेले असतात. त्यातलाच चरबीपासून बनणारा टॅलोअमाइन हा घटक युरोपीय महासंघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या औषधांतून काढायला लावला.

आता आपल्या दुकानांकडे येते, आणि इथे मी कडक बोलणार आहे. भारतात ग्लायफोसेटच्या लेबलावर वापर कुठे लिहिलेला आहे? चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा. विदर्भात चहाचा एकही मळा नाही. धुरे, पांदण, पडीक आणि पेरणीपूर्वी रिकामं वावर धरलं तरी जुलै-ऑगस्टमध्ये पराटी गुडघ्याएवढी झाल्यावर जो माल जातो, तो कुठे जातो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही होतं. तो चोरबीटीत जातो. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीला सरकारची मंजुरी नाही, तरी तिची पाकिटं दरवर्षी येतात आणि तिच्यामागे तणनाशकाची बाटली येते. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरावं. आमच्या काकांना असा परवाना म्हणजे काय, हेच कुणी सांगितलेलं नाही. फवारणारे मात्र तेच.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही, कारण मीही शेतकरी आहे. काळ्या जमिनीत आठ दिवस झड लागली की डवरा चालत नाही. हरळी, लव्हाळा आणि कुंदा पराटीच्या वर जातात. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तरी तीन वेळा निंदायचं म्हटलं की हिशोब कोलमडतो. तेव्हा पंपाला दीडशे मिली टाकून आठ-दहा दिवसांत वावर साफ दिसतं, हे सुख ज्याला माहीत नाही त्याने शेतकऱ्याला उपदेश करू नये. बिनानांगरणीची शेती करणारे काही चांगले शेतकरीसुद्धा माती वाचवायला तणनाशक वापरतात. मी बंदीची मागणी करत नाही. अर्थात एकच एक औषध वर्षानुवर्षं मारलं की तणही त्याला सरावतं. अमेरिकेत कपाशीच्या पट्ट्यात राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण असं माजलं की ग्लायफोसेटला दाद देईना. आपल्याकडचं तण त्या वाटेने गेलं तर पंपाला अडीचशे मिली टाकतील, आणि तेही काकांच्याच पाठीवर असेल.

आणि बायांचं काय झालं ते पाहा. पूर्वी ज्या बाया ओळीने बसून निंदायच्या, त्यातल्या काही आता फवारणीवर पाणी वाहतात. विहिरीवरून हंडे आणायचे, ड्रम भरायचा, औषध कालवायचं आणि पंप भरून द्यायचा. मी आमच्याच शेजारच्या वावरात पाहिलं आहे. ढवळायला काडी नव्हती म्हणून बाईने कोपरापर्यंत हात घालून ढवळलं आणि मग तोच हात पदराला पुसून पोराला भाकर दिली. संध्याकाळी फवारणाऱ्याचे ओले कपडेही तीच धुते. तिने कधी दुकानाची पायरी चढलेली नाही. तिच्यापर्यंत बाटलीवरचा एक शब्दही पोहोचत नाही.

औषध अंगावर येतं ते कालवताना, आणि मग गळक्या पंपातून पाठीवर. त्यावर उपाय महाग नाही. अमेरिकेत मिनेसोटा आणि साउथ कॅरोलिनातल्या ४८ शेतकऱ्यांच्या लघवीची तपासणी ग्लायफोसेट फवारल्यानंतर केली होती, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. रबरी हातमोजे न घालणाऱ्यांच्या लघवीत ग्लायफोसेटचं प्रमाण घालणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. हा अभ्यास कंपन्यांच्याच पैशाने झालेला होता, त्यामुळे विरोधकांनी रचला असं म्हणायची सोय नाही. ज्या घटकाबद्दल शास्त्रज्ञ दहा वर्षं भांडत आहेत, त्याचं शरीरात जाणं एका हातमोज्याने कमी होतं. अब्जावधींच्या खटल्यांपुढे त्या हातमोज्याची किंमत काय आहे?

म्हणून माझं मागणं आहे. लिहितेय आर्जवाने, पण ते मनावर घ्या.

पहिलं म्हणजे मिठाचं वाक्य बंद करा. आजपासून. कंपनीचा प्रतिनिधी पुन्हा म्हणाला तर त्याला सांगा की हे लेखी दे, सहीशिक्क्यासह. देणार नाही.

बाटली विकताना विचारा, फवारणार कोण? मालक की मजूर? मजूर असेल तर हातमोज्याची जोडी त्याच बिलात लावा, मालकाच्या नावावर. रबराची जाड जोडी, ती पारदर्शक पातळ पन्नीची नको, ती पहिल्याच पंपाला फाटते. युरियाबरोबर नको असलेलं औषध गळ्यात मारायची लिंकिंगची पद्धत आपल्याला चांगली येते. एकदा हातमोज्याचं लिंकिंग करा, कुणी तक्रार करणार नाही.

पक्कं बिल द्या आणि त्यावर वापर कशासाठी ते लिहा. बिल नसलं की माल परत आला, पीक जळलं, माणूस आजारी पडला, तर ना शेतकऱ्याच्या हाती काही राहतं ना तुमच्या. एक लिटर दोघांत वाटून घेणाऱ्याने अर्धं औषध क्वार्टरच्या बाटलीत ओतायला मागितलं तर नाही म्हणा. ती बाटली घरी फळीवर जाते आणि तिच्यावर कुठलाही त्रिकोण नसतो.

खर्‍याबद्दलही बोला. मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की हा माणूस दिवसाला चार पन्न्या खर्रा खातो, त्याला तणनाशकाची काय भीती दाखवता. खरं आहे, सुपारी आणि तंबाखू पहिल्या गटात आहेत, त्यांच्याबद्दल कुणाला शंका उरलेली नाही. पण म्हणूनच दोन्ही एकत्र सांगा. खर्रा हातानेच घासतात, हातानेच तोंडात टाकतात. फवारणी चालू असताना ज्या हातांना औषध लागलं आहे, त्याच हातांनी. ‘फवारणीच्या दिवशी पन्नी घरी ठेवा, नाहीतर आधी साबणाने हात धुवा,’ एवढं सांगायला किती वेळ लागतो? ज्याचं तोंड खर्‍याने आधीच जळालेलं आहे, त्याला ते सांगणं जास्त गरजेचं आहे.

तुमची अडचण मला कळते. लायसन्स तुमच्या नावावर आहे, टार्गेट तुमच्या डोक्यावर आहे, आणि तुम्ही नाही दिलं तर पुढचा चौकातला देतो. उधारीत तुमचाही जीव अडकलेला असतो. पण गावात डॉक्टर नसतो, कृषी सहायकाकडे बरीच गावं असतात, आणि शेतकरी औषधाबद्दल पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतो. आता तर तुमच्यापैकी बरेच जण हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा वर्षभराचा देसी पदविका अभ्यासक्रम करून आले आहेत. तो मजूर तुम्हाला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या हाकेला तुम्ही ओ देता.

मी त्या काकांकडे गेले होते. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्यांना म्हटलं, “काका, तेव्हा मी तुम्हाला चूक सांगितलं. ते मिठासारखं नाही. तज्ज्ञ म्हणतात की ते बहुतेक कॅन्सर करणाऱ्यांपैकी आहे, पक्कं नाही, पण बहुतेक.” ते ओसरीवर बसून पंपाचा वॉशर बदलत होते. त्यांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, “तेव्हाच सांगतली असती तं पंप गळते तो बदलून घेतला असता मालकापाशी. आता इतके वर्षं वल्लाच राह्यलो.” नात आतून चहा घेऊन आली. मी बरोबर नेलेली हातमोज्याची जोडी त्यांनी वळचणीला पंपाशेजारी टांगली.

खालचा मजकूर मी आमच्या गावातल्या केंद्रात लावला आहे. मालकाने आधी कुरकुर केली, मग स्वतःच लॅमिनेशन करून आणला. हवा तर उतरवून घ्या, नाव बदलायची गरज नाही, कुठल्याही कंपनीच्या ग्लायफोसेटला चालतो :

‘हे तणनाशक, ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये हे माणसात बहुतेक कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवलं आहे. सगळ्या संस्थांचं यावर एकमत नाही. उभ्या पराटीत मारण्यासाठी याला परवानगी नाही. कालवताना आणि फवारताना रबरी हातमोजे घाला. काडीने ढवळा, हाताने नको. गळका पंप पाठीवर घेऊ नका. खर्रा, बिडी, भाकर, पाणी हात साबणाने धुतल्यावरच. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. मजुराला हे वाचून दाखवणं मालकाचं काम आहे. मालकाने वाचलं नसेल तर आम्हाला विचारा, आम्ही वाचून दाखवू.’

आपली,
काउंटरवर दोन हंगाम उभी राहिलेली एक शेतकरी,
यवतमाळ जिल्हा